यज्ञाचा आणि राबाचा धूर

आयुष्यात मी इतरांसाठी पुष्कळ कागद लिहिले. किन्हवलीच्या शाळेत तीस वर्षे संस्कृत शिकवले आणि निवृत्त झाल्यावर गावच्या महादेवाची पूजा सांभाळली. तरी पंचक्रोशीत माझी ओळख कागद लिहून देणारा एवढीच राहिली. सातबाऱ्यावरचे चुकलेले नाव, विधवेचा अर्ज, शाळेचा दाखला, असल्या कामांसाठी शेणव्याहून, सापगावाहून माणसे येत आणि माझ्या ओटीवर बसून राहत. त्या सगळ्या लेखनात एकच वाक्य मला मनापासून सुंदर वाटले होते. ते असे : "या गृहस्थाने आयुष्यात धूर घेतला तो केवळ यज्ञाचा आणि राबाचा." ते उमटल्यावर मी लेखणी खाली ठेवली आणि दोनदा मोठ्याने वाचले. आज ते आठवले की जिभेवर राख आल्यासारखे वाटते.

ज्याच्यासाठी ते लिहिले तो माझाच विद्यार्थी. शेतकरी घरातला, विभक्तिप्रत्ययांत कच्चा, धावण्यात मात्र सर्वांच्या पुढे. अठराव्या वर्षी तो सैन्यात गेला आणि नव्वदच्या दशकाच्या आरंभी हवालदार होऊन गावी परतला. सैन्यातून आलेल्या प्रत्येकाला आमच्याकडे मेजरच म्हणतात, त्यामुळे तोही मेजर झाला. घरी बायको, एक मुलगी, दोन खाचरे भात. पहाटे उठून धावायची सवय त्याने सोडली नाही, आणि रिकामे बसणेही त्याला जमेना. महिनाभरात तो मंदिरात येऊन उभा राहिला. म्हणाला, "गुरुजी, ड्यूटी द्या कायतरी."

दर पौर्णिमेला सकाळी मंदिरात मी लहानसा होम करीत असे. अग्नीची ड्यूटी मी त्याला दिली. आदल्या दिवशी समिधा उन्हात घालणे, गोवऱ्या रचणे, आहुती चालू असताना ज्वाला मंद होऊ न देणे, हे सारे तो कवायतीच्या काटेकोरपणाने करी. संध्याकाळच्या आरतीला शंखही तोच फुंकी. त्याच्या छातीचा तो नाद ओढ्यापलीकडच्या पाड्यापर्यंत जाई. होमाच्या वेळी तो नेहमी वाऱ्याखालच्या बाजूला बसे, म्हणजे धूर माझ्याकडे न येता त्याच्याकडे जावा. एकदा मी म्हटले, "अरे, डोळे जळतात ना? इकडे सरक."

"हा काय धूर हाय गुरुजी? धूर आमी पायलाय."

कुठे पाहिलास, असे मी विचारले नाही. मंत्र चालू होता.

आमच्या भागात भाताचे रोप टाकण्याआधी त्या जागेवर शेण, पालापाचोळा, फांद्या आणि गवत यांचे थर देऊन वर माती पसरतात आणि ते सारे जाळतात. याला राब भाजणे म्हणतात. चैत्र-वैशाखात शहापूरपासून मुरबाडपर्यंतच्या उतारांवर हे राब धुमसत असतात आणि सूर्य ताम्रवर्ण होऊन मावळतो. मेजरही दरवर्षी आपला राब स्वतः भाजी. मला त्या धुराचा वास लहानपणापासून पवित्र वाटत आलेला आहे. धरणीमातेला दिलेली ती आहुतीच, असे मी विद्यार्थ्यांना सांगत असे.

नव्वदचे दशक संपत असताना एका श्रावणात आरतीच्या घोषात त्याचा आवाज वेगळा पडला. भरड दळताना जात्याचा येतो तसा. मला वाटले, पावसाळी हवा. मी त्याला ज्येष्ठमधाच्या कांड्या दिल्या, हळद-मिठाच्या गुळण्या सांगितल्या. भाद्रपद गेला, नवरात्र गेले, आवाज सुटेना. बसथांब्यावरच्या चहाच्या टपरीवर टवाळी सुरू झाली.

"मेजर, कॅन्टीनची बाटली एकट्यानं मारली काय? घसा धरलाय तो!"

"आरं, बाटली नाय, विड्या. मिलिटरीत फुकट भेटतात."

तो हसून सोडून देई. त्याने विडीला कधी स्पर्श केला नव्हता, आणि कॅन्टीनची बाटली आणलीच तर ती भाऊबंदांच्या लग्नकार्यात वाटून टाकी. पण गावात एकदा बोलले गेलेले पुसले जात नाही. कार्तिकात तो मला म्हणाला, "गुरुजी, गिळताना काटा आसल्यासारखं व्हतं. डागदरला दाखवू काय?" मी त्या वेळी जे उत्तर दिले ते माझ्या मृत्यूपर्यंत माझ्यासोबत राहील. मी म्हणालो, "शंख तर पहिल्यासारखा वाजतो आहे. शंख वाजतो तोवर घशाला काही होत नसते."

त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. गुरूवर ठेवतात तसा. महाशिवरात्रीला शंख फुंकताना त्याच्या ओठांवर रक्ताचा थेंब आला, तेव्हा त्याची बायको माझी वाट न पाहता त्याला शहापूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी घशात आरसा धरून पाहिले आणि विचारले, "आवाज बसून किती दिवस झाले?"

"श्रावणापासून."

"आणि इतके महिने काय केलंत?"

"ज्येष्ठमध," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली आणि सांगितले, "उद्याच मुंबईला जा. परवा नाही, उद्या."

स्वरयंत्रावर कर्करोग होता. मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढावे लागले. तो परतला तेव्हा त्याच्या गळ्याच्या खाचेत एक छिद्र होते आणि श्वास त्यातूनच येत-जात होता. त्यावर तो पांढरे ओले फडके बांधी. बोलणे संपले होते, शंखही संपला होता. मी शाळेतली एक जुनी दगडी पाटी आणि पेन्सिलींचा डबा त्याच्याकडे नेला. पाटीवर त्याने पहिल्यांदा लिहिले ते "नमस्कार गुरुजी." पंचवीस-तीस वर्षांनी मी ते अक्षर पुन्हा पाहत होतो. रेघेवर न टेकणारे, जरा वर तरंगणारे.

मुलगी तोपर्यंत मुरबाडच्या बाजूला दिलेली होती. तिच्या सासरीही टपरीवरचे बोलणे पोहोचले. सासऱ्याने जेवताना सर्वांसमक्ष म्हटले, "बाप मिलिटरीत व्यसनं करून घसा खराब करून बसला, त्याची पोर आमच्या घरात आली." मुलगी माहेरी येऊन रडली. त्या दिवशी मेजरने पाटीवर लिहिले ते मी जसेच्या तसे सांगतो : "मी विडी वढून नाय मरत, हे सरकारनं कागदावर लिहून द्यावं. पोरीला दाखवायला."

हीच त्याची एक इच्छा उरली. मुंबईच्या एका तरुण डॉक्टराने, सैन्यातले आजार सेवेमुळे झाले असल्यास तसे ठरवून घेता येते, असे त्याच्या कानावर घातले होते. तसे ठरले तर त्याच्या मागे बायकोला निवृत्तिवेतनही बरे मिळणार होते. त्याचे मन मात्र त्या एका वाक्यावर बसले होते. वैद्यकीय मंडळाकडे अर्ज करायचा होता, आणि कागद लिहिणारा मी.

मी त्याला विचारले, "सेवेत असे काय घडले की घशाला अपाय व्हावा?" त्याने पाटी हातात घेतली, बराच वेळ कोरीच धरली आणि शेवटी लिहिले, "काय नाय." मग मी माझ्या मनाने ठरवले की निंदेचे निवारण हाच आपला पक्ष. व्यसन नव्हते हे सिद्ध केले की बाकीचे आपोआप सिद्ध होईल. अर्जासोबत मी एक चारित्र्यपत्र जोडले. त्याची शिस्त, पौर्णिमेचा होम, वाऱ्याखाली बसण्याची नम्रता, स्वतःच्या हाताने राब भाजणे, सगळे आले. आणि शेवटी कळसावर ते वाक्य. त्याच्यापुढे ते वाचून दाखवले तेव्हा त्याने पाटीवर लिहिले, "लय भारी."

दीड वर्षाने उत्तर आले. फाल्गुनातली दुपार होती. त्याची बायको पाकीट घेऊन मंदिरात आली. मेजर मागे पायरीवर उभा. मजकूर इंग्रजीत होता. मी मनात वाचू लागलो आणि मध्येच थांबलो.

"वाचा ना गुरुजी," ती म्हणाली. "चांगलं हाय का वंगाळ?"

मी त्याचा अर्थ सांगितला. आजार सेवेमुळे उद्भवलेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. सेवेत धुराशी किंवा अन्य अपायाशी संबंध आल्याचे अर्जदाराचे स्वतःचेही म्हणणे नाही. उलट अर्जासोबतच्या पत्रावरून दिसते की, निवृत्तीनंतर कित्येक वर्षे अर्जदार धार्मिक विधींच्या आणि शेतातील जाळाच्या धुरात नियमित बसत आला आहे. म्हणून अर्ज नामंजूर.

पिंडीवर टांगलेल्या गलंतीच्या कलशातून थेंब पडत होते तेवढेच ऐकू येत होते. मग ती म्हणाली, "तुमी देवाच्या धुराचं नाव कशाला घेतलं वो? आता देव येल काय साक्षीला?"

मेजरने तिला हाताने थांबवले. पाटी मांडीवर ठेवून त्याने सावकाश लिहिले आणि माझ्याकडे फिरवली. "वाक्य चांगलं व्हतं."

तो चेष्टा करीत होता की क्षमा, हे मला कळले नाही. त्यानंतरच्या पौर्णिमेला मी होम केला नाही. समिधा सोप्यात तशाच राहिल्या.

वैशाखात राब पेटू लागले. त्याच्या भाऊबंदांनी वारा पाहून, त्याच्या घरापासून दूर वाहत असेल त्याच दिवशी आपापले राब लावले. एवढी माया त्यांच्यात होती. पण डोंगराखालच्या वाऱ्याचा भरवसा नसतो. एका सकाळी मी त्याच्या ओटीवर बसलो असताना वारा वळला आणि पांढरा लोट सरळ अंगणात आला. नाकातोंडाने श्वास घेणाऱ्याला निदान नाक झाकता येते. त्याचा श्वास गळ्यातून उघडाच आत जाई. तो वाकला. छिद्रातून खोकल्याचा जो कोरडा, शब्दहीन आवाज आला तो मी कोणत्याही प्राण्याचा ऐकलेला नाही. बायकोने त्याला आत नेले, दार लावले, फडके बदलले.

काही वेळाने त्याने मला आत बोलावले. उतरवलेले फडके त्याच्या हातात होते. ओल्या पांढऱ्या कापडावर बारीक काळे ठिपके होते. त्यांवर बोट ठेवून त्याने पाटीवर लिहिले, "बरफावर आसंच दिसायचं."

"कोणत्या बर्फावर?"

मग तो लिहीत राहिला. पाटी चार ओळींत भरे. मी त्या वहीत उतरून घेई, तो ओल्या बोळ्याने पुसून पुढे लिही. उंच पहाडावरची चौकी. जमिनीत खणलेला बंकर, सात माणसे. दोन हिवाळे. थंडी आत येऊ नये म्हणून बंकराच्या तोंडाला पोती. आत रात्रंदिवस रॉकेलची बुखारी, म्हणजे शेगडी. तिचे धुराडे बर्फाने भरून जाई. धूर आत. कांबळी काळी, दात काळे, डाळीवर काजळी. सकाळी बाहेर येऊन थुंकले की बर्फावर काजळ. एकमेकांना हसत, आमी कोळशाच्या खाणीत भरती झालो म्हणून. दोनदा छाती भरली, दोनदा खाली दवाखान्याच्या तंबूत नेले, औषध देऊन परत वर.

माझा हात थांबला. "अरे, हे पहिल्या अर्जाच्या वेळी का नाही सांगितलेस?"

त्याने जोर देऊन लिहिले, "पलटण आई हाय. आईच्या चुलीचा धूर कोन मोजतो?"

दाराशी उभ्या असलेल्या बायकोने ते वाचले. ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली होती. म्हणाली, "आईच्या चुलीवर निदान भाकर तरी मिळते. तुमाला काय मिळालं?"

घरी येताना उतारावर सर्वत्र राब धुमसत होते. पाठशाळेत अनुमान शिकवताना आम्हाला डोंगरावरच्या धुराचे उदाहरण देत : धूर दिसला की न दिसणाऱ्या अग्नीचे ज्ञान होते. मी ते तीस वर्षे पुढच्यांना शिकवले. माझ्यापुढे मात्र धुराची खूण माणसाच्या गळ्यात होती आणि अग्नी वीस वर्षे मागे, बर्फाच्या पोटात होता. मी मागे पाहिलेच नाही. जवळचा, ओळखीचा, आपल्याला पवित्र वाटणारा धूर उचलला आणि सुंदर शब्दांत बांधून मंडळाच्या हाती दिला. त्यांनी तोच खरा मानला. "धूर आमी पायलाय," हे तो मला पहिल्याच वर्षी सांगून चुकला होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा जोडपत्रे लिहिली. एका कार्डावर आपण लिहायचे, उत्तरासाठी दुसरे कोरे कार्ड जोडलेलेच. बंकरातल्या बाकीच्या सहा जणांची गावे त्याला पाठ होती. मजकूर एकच : तुमची प्रकृती कशी आहे, विशेषतः घसा आणि छाती?

उत्तरे सावकाश आली. पहिला घाटावरचा, दम्याने अंथरुणाला खिळलेला. दुसरे कार्ड एका मुलाच्या अक्षरात होते : बाबा तीन वर्षांपूर्वी घशाच्या गाठीने गेले, आईने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. तिसरे आमचेच परत आले. त्यावर पोस्टमनने "मयत" एवढेच लिहिले होते. चौथ्याने लिहिले, मलाही नळी बसवली आहे, आवाज नाही. पाचवा ठणठणीत होता आणि संतापला होता : पलटणीला बोल लावता, लाज वाटत नाही का? मेजरने ते कार्ड पुन्हा पुन्हा वाचले आणि देव्हाऱ्याखाली ठेवून दिले. सहाव्याचे उत्तर आले नाही. पोस्टमन आळीत दिसला की मी ओटीवर येऊन उभा राही. पत्र यावे असे वाटे आणि येऊ नये असेही वाटे.

त्या वहीवरून मी दुसरा अर्ज लिहिला. पाटीवर जसे होते तसे, त्याच क्रमाने. शाळेत असता अशा लेखनावर मी तांबड्या रेघा ओढल्या असत्या. एकही उपमा घातली नाही. जे घालायला हात शिवशिवला ते खोडले. दोन वेळा तंबूत नेल्याची नोंद जुन्या दप्तरात शोधावी, अशी विनंती केली, मुलाचे आणि नळी बसवलेल्या सोबत्याचे कार्ड जोडले, आणि माझ्या पहिल्या पत्राबद्दल एक परिच्छेद लिहिला : ते पत्र स्तुतीसाठी होते, माहितीसाठी नव्हते, लिहिणाऱ्याने रुग्णाला नीट विचारले नव्हते.

मी होम बंद ठेवल्याचे मेजरला आवडले नव्हते. "देवाची ड्यूटी बंद करू नका," असे त्याने लिहून दिले. मग मी समिधा वर्ज्य करून निरांजनावर अक्षता वाहू लागलो. शास्त्राला ते मान्य असो वा नसो.

नोंद सापडली. दोन्ही हिवाळ्यांची. वर्षभराने आदेश आला की, आजार सेवेमुळे उद्भवल्याचे मानण्यात येत आहे. त्याने कागद हातात घेतला, त्या ओळीवर बोट फिरवले, आणि पाटीवर लिहिले, "मुरबाडला चला."

आम्ही तिघे एस.टी.ने गेलो. मुलीच्या सासऱ्याने ओटीवर घोंगडी अंथरली. त्याच्या बोटांत विडी पेटलेली होती. मी त्याला विनंती केली की ती विझवावी, यांना धूर चालत नाही. त्याने ती ओटीच्या दगडावर घासली. मग मी उभा राहून तो आदेश आधी इंग्रजीत आणि मग मराठीत वाचला. मुलगी दाराच्या चौकटीला धरून ऐकत होती. सासरा म्हणाला, "मेजर, आमी बोललो ते चुकलं. मला काय ठावं, बरफातपन माणूस धुरानं मरतो."

मेजरने पाटीवर काहीतरी लिहिले आणि फक्त मला दाखवले. "या टायमाला वाक्य साधं व्हतं." आणि तो हसला, हसण्याचा आवाज गळ्याच्या फडक्याखालून वाऱ्यासारखा आला.

पौषात तो गेला. गाठ परत आली होती. आदेशाचा कागद मुलीने मुरबाडला नेऊन काचेत लावला आहे.

त्यानंतर दोन महिन्यांनी सहावे कार्ड आले, आम्ही जोडून पाठवलेलेच, कडा मळलेल्या. लिहिणाऱ्याने उशिराबद्दल क्षमा मागितली होती. तो कामासाठी दुसरीकडे राहत होता. पुढे लिहिले होते : "माझी प्रकृती उत्तम आहे. दिवाळीपासून आवाज थोडा बसला आहे, त्याचे काही नाही. आमच्या मंदिरात मी भजनाला असतो, तेथील महाराजांनी ज्येष्ठमध दिले आहे."

मी स्नानाला जाणार होतो. तसाच बसलो आणि उत्तर लिहिले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत छोटा कागद. "ज्येष्ठमध बंद करा. उद्या मोठ्या रुग्णालयात जाऊन घसा दाखवा आणि बंकरातला धूर सांगा. परवा नाही, उद्या." शहापूरचे टपाल दुपारी निघते. मी ते हाताने पेटीत टाकले, आणि लाल डबा परत थोपटून पाहिला, कार्ड आत पडले की नाही ते. समोरच्या उतारावर कोणीतरी त्या वर्षीचा पहिला राब पेटवला होता.